दांग-ग्वेई : चीनमधील एक औषधी मूळ, त्याची शेती व त्याचा उपयोग

स्त्रियांच्या मासिक पाळीच्या तक्रारींवर चीनमध्ये ज्या वनस्पती शतकानुशतके वापरल्या जात आहेत, त्यांत दांग-ग्वेई या मुळीचे स्थान पहिले होय. पाश्चात्त्य बाजारात ती ‘डाँग क्वाय’ या नावाने ओळखली जाते व अलीकडे तिच्या भुकटीच्या कुप्या आपल्याकडेही ऑनलाइन विक्रीस दिसू लागल्या आहेत. वस्तू विक्रीस आली की तिच्यामागून तिची लागवड सुचविणारेही येतात, हा आपला जुना अनुभव आहे. म्हणून ही वनस्पती कोणती, ती कोठे व कशी पिकते, तिचा गुण किती खरा व किती सांगोवांगीचा, आणि आपल्या शेतकऱ्याने व त्याच्या घरातील स्त्रियांनी तिच्याविषयी काय धोरण ठेवावे, याचा विचार येथे केला आहे.

वनस्पतीची ओळख

दांग-ग्वेईचे शास्त्रीय नाव अँजेलिका सायनेन्सिस. तिचे कुल आपल्या परिचयाचे आहे. कोथिंबीर, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर व हिंग ही सर्व याच कुलातील होत. फुलोरा छत्रीसारखा, पाने चिरलेली, देठ जांभळट आणि मूळ मांसल व सुवासिक. मुळाचा वरचा भाग जाड असून खाली त्याला अनेक शेपट्या फुटतात. चिनी वैद्य या मुळाचे डोके, धड व शेपूट असे तीन भाग मानतात. डोके व धड रक्त वाढविते आणि शेपूट साकळलेले रक्त हलविते, अशी त्यांची समजूत आहे. बाजारात या भागांचे भावही निरनिराळे असतात.

आपल्याकडे बाळंतिणीला बाळंतशेपा देण्याची चाल आहे, तीही याच कुलातील वनस्पतीची बी होय, हे वाचकांच्या लक्षात येईलच. चीनमध्ये बाळंतपणानंतरच्या पोटदुखीवर दांग-ग्वेई, आले व बोकडाचे मांस एकत्र शिजवून त्याचा रस्सा देतात. हा पाठ सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा वैद्य च्यांग चुंगचिंग याच्या ग्रंथात आहे व आजही घरोघर केला जातो. औषध आणि आहार यांत तेथील बाई फार मोठी भिंत मानीत नाही. आपल्या अळिवाच्या खिरीची व डिंकाच्या लाडवांची गोष्ट याहून वेगळी नाही.

नावाविषयी एक कथा सांगण्यासारखी आहे. ‘दांग-ग्वेई’ या शब्दांचा अर्थ ‘परतावयास हवे’ असा होतो. तिसऱ्या शतकात गान्सूतील च्यांग वेई नावाचा सरदार शत्रुपक्षाला मिळाला, तेव्हा त्याच्या आईने त्याला पत्र पाठवून दांग-ग्वेई मागविली. म्हणजे ‘घरी ये’ असे सुचविले. त्यानेही दुसऱ्याच एका औषधीच्या नावावर श्लेष करून आपली महत्त्वाकांक्षा दूरची आहे, परतणे नाही, असे कळविले. काहींच्या मते वाट चुकलेले रक्त जागेवर परत आणणारी म्हणून हिचे हे नाव. काहींच्या मते नवऱ्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या मनावरून. नाव कशावरूनही पडो, ज्या प्रांतातील ही कथा आहे त्याच प्रांतात हे पीक आजही सर्वांत जास्त होते.

मिन जिल्ह्यातील शेती

चीनच्या वायव्येस गान्सू प्रांत आहे. त्याच्या दक्षिण भागात, तिबेटच्या पठाराच्या पूर्व कडेला, ताओ नदीच्या खोऱ्यात मिन जिल्हा वसला आहे. येथील दांग-ग्वेई सर्वांत उत्तम समजली जाते. शेजारच्या जिल्ह्यांतही लागवड आहे आणि युन्नान, सिच्वान व हूपेइ या प्रांतांतही थोडीफार होते; परंतु चीनमधील बहुतांश माल गान्सूचाच. मिनची जमीन समुद्रसपाटीपासून २,००० ते ३,००० मीटर उंचीवर आहे. वर्षाचे सरासरी तापमान ६ अंश सेंटिग्रेडच्या आसपास, पाऊस ६०० मिलिमीटरच्या जवळपास, उन्हाळा थंड व ओलसर. माती खोल, काळसर व सेंद्रिय द्रव्याने समृद्ध. हवामान सौम्य नव्हे. मे २०१२ मध्ये येथे गारपीट व चिखलाचे लोट आले, आणि जुलै २०१३ मध्ये भूकंपाने पुष्कळ मातीची घरे पडली व माणसे दगावली. अशा डोंगराळ मुलखात, जेथे गहू व बटाट्यापलीकडे फारसे काही साधत नाही, तेथे रोख पैसा देणारे पीक म्हणून दांग-ग्वेईला मोठे महत्त्व आहे.

हे पीक तीन वर्षांच्या हिशेबाने चालते. पहिल्या वर्षी जूनच्या सुमारास डोंगराच्या सावलीच्या उतारावर गादी वाफ्यांवर बी फेकून वर गवताचे आच्छादन देतात. बी फार दिवस टिकत नाही. वर्षापलीकडे त्याची उगवणशक्ती जवळजवळ नष्ट होते, म्हणून ताजेच बी लागते. ऑक्टोबरमध्ये रोपे उपटून, पाने कापून, मुळांच्या लहान जुड्या बांधतात व त्या कोरड्या मातीच्या थरांत, थंड जागी, हिवाळाभर पुरून ठेवतात. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये लावणी होते. एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून नंतर एक राखतात. अलीकडे ओल टिकावी व तण कमी व्हावे म्हणून प्लॅस्टिकच्या आच्छादनावर लावणी करण्याची पद्धत पुष्कळ पसरली आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुळे खणतात. बियांसाठी राखलेली झाडे तेवढी तिसऱ्या वर्षापर्यंत उभी राहतात व मग फुलतात.

येथवर ऐकून हे पीक सोपे वाटेल. तसे ते नाही.

डेंगळ्यांची अडचण

आपले कांदा उत्पादक शेतकरी डेंगळे म्हणजे काय हे जाणतात. जाड किंवा वयाने जास्त झालेली रोपे लावली आणि वर थंडी पडली, की कांदा पोसण्याऐवजी मधूनच फुलाचा दांडा बाहेर काढतो व माल हलका पडतो. दांग-ग्वेईचे अगदी हेच आहे, फक्त नुकसान अधिक. कांद्याचा डेंगळा निदान कमी भावात तरी जातो. दांग-ग्वेईने दुसऱ्या वर्षी दांडा काढला की तिचे मूळ लाकडासारखे कठीण होते, त्यातील तेल जाते आणि औषध म्हणून त्याची काही किंमत उरत नाही. शेतातील शेकडा २०-३० झाडे अशी वाया जाणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही. वाईट वर्षी याहूनही अधिक जातात. दोन वर्षांची मेहनत, राखलेली जमीन व रोपांचा खर्च त्यात बुडतो.

याचे कारण झाडाच्या स्वभावात आहे. गाजराप्रमाणे ही वनस्पती एका वर्षी मुळात साठा करते व नंतर फुलते. फुलण्यासाठी तिला प्रथम थंडीचा काळ व मागून लांब दिवस लागतात. रोप जितके मोठे, तितके ते थंडीची ही खूण लवकर ओळखते. फार लहान रोप ओळखीत नाही. तेव्हा शेतकऱ्याचे सारे कौशल्य रोप मध्यम राखण्यात असते. पेन्सिलीएवढी जाड झालेली रोपे दिसावयास छान, परंतु जाणता शेतकरी ती बाजूस काढतो व बारीक, दोन ते पाच मिलिमीटर जाडीची रोपे निवडतो. पेरणी फार लवकर न करणे, रोपांना भारी खत न घालणे, हेही त्याच हेतूने. साठवणीचेही शास्त्र आहे. थंडीची खूण पटण्यास गोठणबिंदूच्या थोडे वरचे तापमान सर्वांत अनुकूल असते. म्हणून रोपे गोठणबिंदूच्या बरीच खाली ठेवली तर झाड जणू गाढ झोपते व डेंगळे कमी येतात, असे तेथील संशोधकांना आढळून आले.

बियांची निवड हा याहूनही महत्त्वाचा भाग. दुसऱ्याच वर्षी फुललेल्या झाडांनाही बी येते व ते स्वस्त मिळते. मिनचे शेतकरी या बियाला ‘बंदुकीच्या दारूचे बी’ म्हणतात, कारण ते पेरलेल्या शेतात डेंगळे भडकल्यासारखे उठतात. खरे बी तिसऱ्या वर्षीच्या निरोगी झाडांचे. दोहोंत डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, हाच घोटाळा. डेंगळ्यांचे कांदा-बी घेऊन फसलेल्या आपल्या शेतकऱ्यास हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी अडचण जमिनीची. एकाच शेतात हे पीक लागोपाठ घेतले तर मूळकूज वाढते व सूत्रकृमींचा उपद्रव होतो. मुळाची साल तडकून तपकिरी व भुसभुशीत होते आणि ते चाखले असता जीभ बधिर होते. म्हणून त्या रोगाला तेथे ‘तोंड बधिर करणारा रोग’ असे नाव पडले आहे. उपाय फेरपालटाचा. गहू, जवस यांसारखी पिके घेऊन दोन-तीन वर्षांनी त्या शेतात पुन्हा दांग-ग्वेई लावावी लागते. रोपवाटिकेसाठी तर अगदी नवी, न नांगरलेली जमीन चांगली, असा समज असल्याने डोंगरावरील गवताळ माळ दरवर्षी फोडले जात. त्याने मातीची धूप झाली, हे उघड आहे. एका औषधासाठी डोंगर उघडा करणे हा सौदा महागाचा. जुन्याच जमिनीत रोपे तयार करण्याच्या पद्धतींवर तेथे पुढे काम सुरू झाले, ते यामुळेच.

धुरीवर वाळविणे

काढणीनंतरची क्रिया पाहण्यासारखी आहे. मुळे खणून माती झाडतात, काही दिवस हवेशीर ठेवून किंचित सुकू देतात व लवचीक झाली की त्यांच्या जुड्या बांधून माळ्यावर रचतात. खाली ओलसर लाकडाची मंद धुरी करतात. ज्वाळा होऊ देत नाहीत. दिवसेंदिवस ही धुरी चालते व मुळे हळूहळू वाळून बाहेरून पिवळट-तपकिरी होतात. उन्हात का वाळवीत नाहीत, असे कोणी विचारील. या मुळाचा गुण ज्या सुवासिक तेलात आहे ते उडून जाणारे असते; कडक ऊन वा तीव्र आच लागली तर तेल जाते आणि मूळ कोरडे, लाकडासारखे बनते. चीनच्या शासकीय औषधकोशातही मंद धुरीवर वाळविण्याचेच विधान आहे. त्या कोशाप्रमाणे मालात उडते तेल किमान शेकडा ०.४ व फेरुलिक आम्ल किमान शेकडा ०.०५ असावे लागते; आणि जे मूळ लाकडासारखे, तेल नसलेले किंवा कापल्यावर हिरवट-तपकिरी दिसते ते औषधास वर्ज्य आहे. चांगल्या मुळाचा काप पिवळसर पांढरा असून त्यावर तेलाचे तपकिरी ठिपके दिसतात. वास तीव्र आणि चव गोड, तिखट व शेवटी किंचित कडू.

हल्ली काही व्यापारी कष्ट वाचविण्यासाठी गंधकाची धुरी देतात. माल उजळ दिसतो, कीड लागत नाही. परंतु गंधकाचा अंश मालात राहतो व गुण उतरतो. औषधकोशाने बहुतेक वनौषधींना किलोमागे १५० मिलिग्रॅम ही सल्फर डाय-ऑक्साइडची मर्यादा घालून दिली आहे. तात्पर्य, फार पांढरीशुभ्र व आंबूस वासाची मुळी दिसली तर ती चांगली समजू नये. हा नियम सुंठीलाही लागू आहे.

बनावटीचा प्रकार यापलीकडचा. १९५७ साली युरोपातून लोव्हेज नावाची याच कुलातील एक वनस्पती चीनमध्ये लागवडीसाठी आणली गेली व तिला ‘युरोपी दांग-ग्वेई’ म्हणू लागले. पुढे तिची मुळे खऱ्याच्या नावाने खपविण्याचे प्रकार घडले. जपानमध्ये व कोरियातही याच नावाच्या औषधी आहेत, परंतु त्या अँजेलिकाच्या वेगळ्या जाती असून त्यांची घटकद्रव्येही वेगळी आहेत. तेव्हा डबीवर नाव आहे म्हणून आत तेच मूळ आहे, असे धरून चालता येत नाही.

गुण किती, दावा किती

चिनी वैद्यकात दांग-ग्वेई सहसा एकटी देत नाहीत. ‘चार द्रव्यांचा काढा’ या प्रसिद्ध पाठात ती इतर तीन मुळ्यांबरोबर येते. हा पाठ सुंग राजवटीतील शासकीय औषधालयाच्या संग्रहात आहे व पाळी अनियमित येणे, दुखणे, अंगावर कमी जाणे अशा तक्रारींवर वैद्य त्यात फेरफार करून देतात. १२४७ मधील दुसऱ्या एका पाठात एक भाग दांग-ग्वेईला पाच भाग ह्वांगची नावाचे मूळ घालतात. वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, व मग ठरवितो. जर्मनीतील मर्क या कारखान्याने १८९९ मध्ये तिचा अर्क ‘युमेनॉल’ या नावाने युरोपात आणला, तेव्हापासून मात्र ती एकटीच बाटलीत भरून सर्व स्त्रीरोगांवर विकण्याची प्रथा पडली.

आधुनिक परीक्षणे काय सांगतात? प्रयोगशाळेत या मुळातील लिगुस्टिलाइड या द्रव्याने गर्भाशयाचे स्नायू सैल पडतात असे दिसले आहे, व पाळीतील कळांवर आराम पडण्याचे कारण ते असू शकेल. परंतु प्राण्यांवरील किंवा काचेच्या नळीतील प्रयोग आणि माणसाचे शरीर यांत अंतर असते. पाळीच्या वेदनांवरील चिनी औषधांच्या ३९ चाचण्यांचा एक मोठा आढावा २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात परिणाम आशादायक दिसले, तथापि बहुतेक चाचण्या सदोष रीतीने केलेल्या असल्याने ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे परीक्षकांनी म्हटले. पाळी बंद होतानाच्या त्रासावर अमेरिकेत १९९७ मध्ये ७१ स्त्रियांवर २४ आठवडे चाचणी झाली. काहींना दांग-ग्वेई व काहींना नुसती निरुपद्रवी भुकटी दिली. दोहोंत फरक आढळला नाही. ती एकटी दिली म्हणून गुण आला नाही, असा चिनी वैद्यांचा आक्षेप आहे. तो योग्य असेलही. परंतु मग एकटीच भरलेल्या कुपीवर पैसे का खर्च करावे, हा प्रश्न त्याच आक्षेपातून निघतो.

अपायाचा विचार येथे सोडता येत नाही. रक्त पातळ करणारे वॉरफरिन हे औषध घेणाऱ्या एका स्त्रीने दांग-ग्वेई सुरू केल्यावर तिचे रक्त गोठण्यास लागणारा वेळ धोक्याच्या पातळीपर्यंत वाढला, अशी नोंद १९९९ मध्ये झालेली आहे. हृदयाची झडप बदललेल्या किंवा असे औषध चालू असलेल्या स्त्रीने या मुळीच्या वाटेस जाऊ नये. गरोदर स्त्रीने ती घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असल्यास डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. आणि ज्या स्त्रीच्या अंगावर आधीच जास्त जाते, तिने तर मुळीच घेऊ नये. कारण रक्त ‘हलविणारे’ औषध रक्तस्राव वाढवू शकते.

हा शेवटचा मुद्दा गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. अंगावर जास्त जाणे हे त्याचे एक मोठे कारण असून बाई ते सांगत नाही. ती थकवा आला, चक्कर येते, पाय ओढतात, एवढेच सांगते. अशा वेळी ‘रक्त वाढविणारी चिनी मुळी’ म्हणून कोणी कुपी हातात ठेवली, तर दोन-चार महिने त्यातच जातात. पाळी सात दिवसांहून अधिक चालणे, तासा-तासाला कपडा वा पॅड भिजणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालविता प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करावी. तेथे हिमोग्लोबिन पाहता येते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्त कमी आहे असे समजतात व लोहाच्या गोळ्या देतात. आशा कार्यकर्तीला बाई मोकळेपणाने सांगते, म्हणून ही विचारपूस पुरुष कार्यकर्त्याने स्वतः न करता तिच्यामार्फत करावी.

आपल्याकडे लागवड करावी काय?

याचे उत्तर स्पष्टच द्यावयास हवे : महाराष्ट्रात करू नये. कळसूबाई हे आपले सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे मिन जिल्ह्यातील सखल शेतेही त्याच्या माथ्यापेक्षा वर आहेत. महाबळेश्वरला थंडी असली तरी पाऊस ५,००० मिलिमीटरच्या वर पडतो, व मांसल मुळाचे पीक त्यात कुजल्यावाचून राहणार नाही. देशावर उन्हाळा ते सोसणार नाही. शिवाय रोपांची निवड, हिवाळी साठवण व मंद धुरी ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. ती पुडीतल्या बियांबरोबर येत नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत सफेद मुसळीचे महागडे बेणे घेऊन पुष्कळ शेतकरी पुढे खरेदीदार न मिळाल्याने अडचणीत आले, हे विसरता कामा नये. कोणी परदेशी औषधीची रोपे व परतखरेदीचा करार घेऊन आला तर आधी तीन गोष्टी मागाव्या : आपल्या जिल्ह्यात तीन वर्षे यशस्वी झालेले शेत प्रत्यक्ष दाखवावे, माल घेणाऱ्या कारखान्याशी शेतकऱ्याचा थेट लेखी करार व्हावा, मध्यस्थाशी नव्हे, आणि बियाण्याची खरी जात कृषी विद्यापीठाकडून तपासून मिळावी. यांतील एकही गोष्ट न मिळाल्यास पैसे देऊ नयेत.

दांग-ग्वेईची एक बहीण भारतात आहे. हिमाचल व उत्तराखंडात चोरा किंवा गंदरायण या नावाने ओळखली जाणारी अँजेलिका ग्लॉका ही वनस्पती उंच डोंगरांत होते; तिचे मूळ पहाडी लोक डाळीच्या फोडणीत घालतात. अति खोदाईमुळे ती आता दुर्मीळ झाली आहे. ती दांग-ग्वेईच्या ऐवजी वापरता येत नाही.

आपल्या भागात याच कामासाठी ज्याची साल वापरतात तो सीतेचा अशोक. त्याची फुले नारिंगी-तांबडी व झुपक्यांनी येतात. बाजारात मात्र सरळसोट वाढणाऱ्या, कुंपणाला लावतात त्या हिरव्या अशोकाची साल त्याच नावाने सर्रास मिळते, व सोलून सोलून खरे अशोक कोकण-सह्याद्रीच्या रानांत विरळ झाले आहेत. बांधावर, ओढ्याच्या काठी सावली व ओल असेल तेथे खऱ्या अशोकाची दोन रोपे पावसाच्या आरंभी लावण्यास फारसा खर्च येत नाही. रोपे घेताना फुललेले मातृवृक्ष दाखविण्यास सांगावे, व झाड मोठे झाल्यावर साल खोडाभोवती सर्व बाजूंनी सोलू नये. एका बाजूची उभी पट्टी काढून बाकीची राखावी, म्हणजे झाड जगते.